थॉथ टॅरो : आधी कोणतं पुस्तक उघडायचं?

प्रश्न : थॉथ टॅरोचा, म्हणजे भाकितासाठी वापरतात त्या 78 चित्रपत्त्यांचा संच घेतला. सोबतच्या पुस्तिकेत एकेका पत्त्याला जेमतेम दोन-तीन ओळी आहेत. घरात राइडर-वेट या दुसऱ्या, जास्त प्रचलित टॅरो संचाचं पुस्तक आहे, पण त्यातले अर्थ या चित्रांना बसत नाहीत. फार तर दोन पुस्तकं घेईन. कोणती घेऊ?
– वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : घरचं पुस्तक तूर्त कपाटात ठेवा. राइडर-वेट 1909 चा. थॉथची चित्रं लेडी फ्रीडा हॅरिस यांनी गूढविद्येचे अभ्यासक अ‍ॅलिस्टर क्राउली यांच्या सांगण्यावरून 1938 ते 1943 या काळात काढली. दोन्ही संचांचं मूळ गोल्डन डॉन या गूढविद्येच्या एकाच मंडळात असलं, तरी पत्ता बोलतो वेगळ्या तऱ्हेने.

डिस्क्स (चकत्या) या पृथ्वीतत्त्वाच्या सूटमधली सत्ती घ्या. राइडर-वेटमध्ये वेलीला लगडलेली नाणी आणि अवजाराच्या दांड्यावर रेलून पिकाकडे बघणारा माणूस दिसतो. दिंडोरीच्या द्राक्षबागेत सहज खपून जाईल असा! अर्थ निघतो मेहनतीचा, थांबून अंदाज घेण्याचा. थॉथमध्ये माणूसच नाही. शिशाच्या रंगाच्या सात चकत्या, मागे काळवंडलेली पानं आणि खाली नाव ‘फेल्युअर’. वर शनीचं चिन्ह, खाली वृषभेचं. शनी जड आणि थंड, वृषभ पृथ्वीतत्त्वाची स्थिर रास. त्यात सात हा अंक कबालाच्या (ज्यू गूढविद्येच्या) जीवनवृक्ष या दहा स्थानांच्या आकृतीवर मधल्या खांबाला सोडून एका बाजूला खाली सरकलेला. हे तिन्ही धागे जुळले की ‘अपयश’ पाठ करावं लागत नाही. थॉथ शिकणं म्हणजे ही बेरीज शिकणं. त्यामुळे नुसती ‘अर्थांची यादी’ देणारं पुस्तक घेऊ नका.

पहिलं पुस्तक लॉन मायलो ड्यूकेट यांचं, ‘अंडरस्टँडिंग अ‍ॅलिस्टर क्राउलीज थॉथ टॅरो’ (2003). आधी पार्श्वभूमी, मग एकेक पत्ता, आणि भाषा हसतखेळत. दुसरं क्राउली यांचं स्वतःचं ‘द बुक ऑफ थॉथ’. 1944 साली त्याच्या फक्त 200 प्रती निघाल्या होत्या. आता साधी आवृत्ती मिळते. बहुतेकजण ते पहिल्या पानापासून सुरू करतात आणि सैद्धांतिक भागातच गारद होतात. तुम्ही चौथ्या भागापासून, म्हणजे छोट्या (एक्का ते दश्शी) पत्त्यांपासून सुरुवात करा. तिथे सुरुवातीची मांडणी अंकांनुसार आहे : चार एक्के, चार दुर्‍या, चार तिर्‍या. एका बैठकीत एकच अंक घ्या आणि चारही पत्ते समोर मांडून वाचा. अंकाचा स्वभाव चार तत्त्वांत कसा बदलतो ते तिथे दिसतं. मोठे 22 पत्ते त्यानंतर. क्राउली यांचंच कोष्टकांचं पुस्तक ‘777’ वर्षभर तरी नको. नुसती कोष्टकं बघून डोकं गरगरेल.

मेन रोडला किंवा कॉलेज रोडला दुकानात एखादं तिसरंच पुस्तक हाती आलं, तर घेण्याआधी दोन जागा उघडून बघा. आठवा पत्ता ‘अ‍ॅडजस्टमेंट’ आणि अकरावा ‘लस्ट’ आहे का? ‘स्टार’ला हिब्रू अक्षर ‘हे’ आणि ‘एम्परर’ला ‘त्सादी’ दिलंय का? आठवा ‘स्ट्रेंग्थ’ दिसला, तर पुस्तक राइडर-वेटचं आहे. मुखपृष्ठावर चित्र कोणतंही असो. दरबारी पत्त्यांतही घोळ होतो. थॉथमध्ये राजा नाही. नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असा क्रम आहे. इथला नाइट सर्वांत वरचा. त्याला राइडर-वेटचा नाइट समजून वाचलं, की सगळी मांडणी एक पायरी घसरते.

आणि संचात ‘मॅगस’ (जादूगाराचा पत्ता) तीन निघाले तर परत करायला धावू नका. काही छपायांमध्ये हॅरिस यांची दोन जादा चित्रंही घातली आहेत, म्हणून 78 ऐवजी 80 पत्ते भरतात. वाचताना एकच ठेवा.

प्रश्न : मला कुंडलीचं थोडं कळतं. पत्त्यांवरच्या राशी आणि ग्रह आपल्या द्रेष्काणांशी (राशीच्या 10-10 अंशांच्या तीन भागांशी) जुळवले तर चालेल का?
– वाचक, पंचवटी

उत्तर : मोह होतोच, आणि गल्लत नेमकी इथेच होते. दुर्‍या ते दश्श्या असे 36 पत्ते, प्रत्येकाला 10 अंश, एकूण 360. इथवर तुमचं गणित बरोबर. पण आपल्याकडे राशीचे तीन द्रेष्काण तीच रास, तिच्यापासून पाचवी आणि नववी यांच्या स्वामींकडे जातात. म्हणजे मेषेला मंगळ, रवी, गुरू. थॉथमध्ये ग्रह शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने फिरतात. म्हणून मेषेला मंगळ, रवी, शुक्र. वर सांगितलेल्या सत्तीत, वृषभेच्या शेवटच्या 10 अंशांत, दोन्हीकडे शनीच येतो. असा एखादा मेळ दिसला की वाटतं, सगळंच जुळणार. आणि दुसऱ्याच पत्त्याला फसगत होते.

शिवाय ही रास सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं, फरक सुमारे 24 अंशांचा. सत्तीचा सूर्य सायन मानाने साधारण 11 ते 20 मे या दिवसांतला. पंचांगात तो वृषभेच्या याच अंशांत यायला जून उजाडतो. वहीत दोन रकाने आखा, पण पत्ता वाचताना फक्त सायन रकाना बघा.

प्रश्न : उलटा पत्ता कसा वाचायचा?
– वाचक, सातपूर

उत्तर : या पद्धतीत उलट-सुलट पाहत नाहीत, शेजार पाहतात. वाँड्सशेजारी कप्स आले, म्हणजे अग्नीला पाणी, की दोन्हीचं बळ घटतं. स्वोर्ड्स आणि डिस्क्स, म्हणजे वायू आणि पृथ्वी, यांचंही तसंच. बाकीच्या जोड्या एकमेकींना साथ देतात, दोन्हीकडे एकच सूट असेल तर जोर सर्वाधिक. सरावाला तीन पत्ते पुरेत : मधला मुख्य, दोन बाजूंचे शेजारी.