मार्क-आंद्रे फ्ल्युरीने २०१७ सालीच थांबायला हवं होतं का?

तुम्ही विचारलंय की पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघाकडून तीन स्टॅनली कप (उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या लीगचं विजेतेपद) जिंकून झाल्यावर गोलकीपर फ्ल्युरीने तिथेच निवृत्ती घ्यायला हवी होती का, आणि पुढची आठ वर्षं तो नुसते आकडे वाढवत बसला का.

नाही. माझ्या मते गोलकीपर म्हणून तो खरा कळतो तो २०१७ नंतरच.

मी मूळची नाशिकची. गेली बरीच वर्षं आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलला राहतो. इथे आले तेव्हा आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता माझा अकरा वर्षांचा मुलगा त्याच्या संघाचा गोलकीपर आहे आणि शनिवारी पहाटे साडेपाचला रिंकवर त्याच्या पॅडचे पट्टे बांधणं हे माझं काम आहे. त्यामुळे हे उत्तर जाणकाराचं कमी आणि गोलकीपरच्या आईचं जास्त आहे, हे आधीच सांगते.

आधी आकड्यांचं बोलू, कारण तुमचा रोख तिकडे आहे. फ्ल्युरीचे एनएचएलमधले एकूण विजय ५७५. त्यातले ३७५ पिट्सबर्गचे, म्हणजे नंतरचे बरोबर २००. गोलकीपरांमध्ये त्याच्या पुढे फक्त मार्टिन ब्रॉडर, ६९१. तेव्हा आकडे वाढले हे खरं आहे. पण ते कुठल्या परिस्थितीत वाढले, ते बघायला हवं.

या खेळात गोलकीपरची जागा एकच. बाकीचे खेळाडू पाऊण मिनिटाने बदलतात, गोलकीपर तासभर तिथेच उभा. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळी आणि ताशी दीडशे किलोमीटरने येणारी, गोठवलेली रबराची चकती. संघात दुसरा गोलकीपर असतोच, पण तो बाकाच्या टोकाला टोपी घालून बसतो आणि खेळाडू आत-बाहेर करताना दार उघडून देतो. पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये अधलीमधली जागा नाही. एकदा दाराशी बसलं की पुन्हा जाळीत कधी उभं राहायला मिळेल, हे आपल्या हातात नसतं.

फ्ल्युरी २००३ साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे तरुण खेळाडू निवडतात त्या निवडीत, पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. गोलकीपरला तो मान क्वचितच मिळतो. २००९ साली डेट्रॉइटमध्ये अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदाला डेट्रॉइटच्या लिडस्ट्रॉमचा फटका त्याने झेप घेऊन अडवला आणि कप आणला. असा माणूस ३१ व्या वर्षी, २०१६ च्या मार्चमध्ये डोक्याला मार लागून बाहेर बसला आणि तेवढ्यात मॅट मरी नावाच्या पोराने जागा घेतली. कप आला. फ्ल्युरीला त्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, प्रत्येक फेरीत चार सामने जिंकणारा पुढे जातो) सुरुवातीपासून एकच सामना मिळाला.

पुढच्या वर्षी उलटं झालं. कोलंबसविरुद्ध पहिल्या सामन्याच्या सरावातच मरीला दुखापत झाली आणि ऐनवेळी फ्ल्युरी जाळीत उभा राहिला. कोलंबस हरलं, पुढच्या फेरीत वॉशिंग्टनही हरलं. वॉशिंग्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्यांच्या ओव्हेच्किनचा एक फटका त्याने स्टिकच्या दांड्यावर अडवला आणि एकही गोल होऊ दिला नाही. मग ओटावाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात पहिल्याच पिरियडमध्ये (सामन्यात वीस-वीस मिनिटांचे तीन असतात) चार गोल बसले. त्याला काढलं, आणि मरी परत आला तो शेवटपर्यंत. नॅशव्हिलमध्ये कप जिंकल्यावर फ्ल्युरीने तो उचलला, फिरवला आणि नेऊन मरीच्या हातात दिला. आपण आता हा संघ सोडणार हे त्याला तेव्हा माहीत होतं, कारण त्याला हलवता येणार नाही अशी करारातली अट त्याने त्याच फेब्रुवारीत स्वतःहून सोडली होती. लीगमध्ये येणाऱ्या नव्या संघाला इतरांचे खेळाडू निवडता येणार होते आणि प्रत्येक संघाला एकच गोलकीपर राखता येत होता, तेव्हा संघाला मरीला राखता यावं म्हणून.

तुम्ही म्हणता तिथे थांबला असता, तर त्याची गोष्ट इथेच संपली असती. जागा दुसऱ्याला देऊन निघून गेलेला चांगला माणूस, एवढीच.

जून २०१७ मध्ये लास व्हेगासच्या नव्याकोऱ्या संघाने त्याला घेतलं. वाळवंटातला संघ, बहुतेक खेळाडू इतरांनी राखून न ठेवलेले. मोसम सुरू होण्याआधी, १ ऑक्टोबरला, शहरात तो भयानक गोळीबार झाला. १० तारखेला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, मृत्यू पावलेल्या ५८ जणांसाठी ५८ सेकंद शांतता, आणि मग जाळीत फ्ल्युरी. ते जिंकले. त्या मोसमात हा संघ थेट स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत पोचला. लॉस एंजेलिसविरुद्ध चार सामने मिळून फ्ल्युरीने फक्त तीन गोल खाल्ले. अंतिम फेरीत वॉशिंग्टनने हरवलं, पण त्या शहराला खेळाडूचा पहिला चेहरा मिळाला तो त्याचाच.

आता मला जिथे थांबून बोलायचंय तो काळ येतो.

२०२० च्या फेब्रुवारीत व्हेगासने रॉबिन लेनर या गोलकीपरला आणलं आणि प्लेऑफमध्ये त्यालाच जास्त खेळवलं. फ्ल्युरी पुन्हा दाराशी. त्याच्या एजंटने ट्विटरवर एक चित्र टाकलं, पाठीत तलवार खुपसलेला फ्ल्युरी आणि तलवारीवर प्रशिक्षकाचं नाव. खूप गदारोळ झाला. फ्ल्युरीने स्वतः ते काढायला लावलं. आणि पुढच्या मोसमात, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने आयुष्यातला सर्वांत चांगला मोसम खेळून दाखवला. २६ विजय, सामन्यामागे दोनपेक्षाही कमी गोल. सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी त्याला पहिल्यांदा मिळाली ती तेव्हा. पिट्सबर्गच्या सगळ्या वर्षांत मिळाली नव्हती.

पण त्याच जूनमधली एक रात्र मला ट्रॉफीपेक्षा जास्त लक्षात आहे. मॉंट्रियलविरुद्ध उपांत्य फेरीचा तिसरा सामना. व्हेगास २-१ ने पुढे, दोन मिनिटंही उरलेली नाहीत. चकती जाळीच्या मागे आली, फ्ल्युरी ती घ्यायला मागे गेला, ती त्याच्या स्टिकवरून निसटली आणि जोश अँडरसनने रिकाम्या जाळीत सरकवली. ओव्हरटाइममध्ये मॉंट्रियल जिंकलं. पुढच्या सामन्याला लेनर खेळला.

गोलकीपरची चूक झाकता येत नाही. पुढच्या फळीतल्या खेळाडूची चूक खेळाच्या ओघात वाहून जाते, पण गोलकीपर चुकला की मागे लाल दिवा लागतो. माझ्या मुलाने गेल्या हिवाळ्यात असाच एक गोल खाल्ला, अगदी सोपा, दोन पायांच्या मधून. घरी येताना गाडीत चाळीस मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. मागच्या सीटवर ओल्या पॅडचा तो आंबूस वास आणि मान फिरवून काचेबाहेर बघणारा पोरगा. मला काय बोलावं सुचेना. घरी आल्यावर त्याने स्वतःच फ्ल्युरीचा तो मॉंट्रियलचा गोल लावला, तीन वेळा बघितला आणि विचारलं, "आई, ह्यानंतर तो परत खेळला ना?" म्हटलं, खेळला, आणखी चार वर्षं.

ट्रॉफी मिळून महिनाही झाला नाही तोच व्हेगासने त्याला शिकागोला देऊन टाकलं. बदल्यात खालच्या लीगमधला एक खेळाडू, तोही फ्ल्युरीच्या जागेवरचा नव्हे. बातमी त्याला संघाकडून नाही, ट्विटरवरून कळली असं त्याच्या एजंटने सांगितलं. तो तेव्हा खरंच थांबायच्या बेतात होता. ३६ वर्षांचा, घरात मुलं लहान, नुकतंच सर्वोच्च बक्षीस मिळालेलं. थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो गेला. शिकागोचा संघ तेव्हा यथातथाच होता, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक संध्याकाळ मात्र सांगायलाच हवी, ९ डिसेंबर २०२१, मॉंट्रियल. त्याचं गाव सोरेल तिथून गाडीने तासाभरावर. त्या मैदानावर त्याने ५०० वा विजय मिळवला, एकही गोल न देता. त्याच्या आधी ब्रॉडर आणि पॅट्रिक रॉय या दोघांनीच तो आकडा गाठला होता, आणि तिघेही क्वेबेकचे. वडील मात्र हे बघायला नव्हते. ते २०१९ च्या नोव्हेंबरमध्येच गेले होते.

मार्च २०२२ मध्ये तो आमच्याकडे, मिनेसोटा वाइल्डकडे आला.

इथे मी त्याला प्रत्यक्ष बघितलं. टीव्हीवर दिसत नाही अशी एक गोष्ट म्हणजे तो किती हसतो. चकती खांबाला लागून बाहेर गेली की तो हात मागे नेऊन खांबाला थोपटतो, आपण बैलाच्या पाठीवर थाप मारतो तसा. माझा मुलगा आता हे प्रत्येक सामन्यात करतो. मी पॅड बांधत असते तेव्हा तो गुडघ्याचा पट्टा स्वतः तपासतो, घोट्याचा मला सैल ठेवायला सांगतो, कारण गुडघे बर्फावर टेकून दोन्ही पाय बाजूंना फाकवताना पॅड फिरायला हवं. ही बटरफ्लाय पद्धत. ती करताना सगळा भार कंबरेच्या खुब्यावर येतो. अकरा वर्षांचं पोर तासाभरात दमतं. चाळिशीतला माणूस हे रोज सरावात शेकडो वेळा कसा करत असेल, हे पॅड हातात घेतल्यावरच कळतं.

१५ जानेवारी २०२४ ला न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध ५-० ने जिंकून त्याने रॉयला मागे टाकलं, ५५२ वा विजय. (पाचच दिवसांनी रॉय त्याच आयलंडर्सचे प्रशिक्षक झाले!) पण तोवर फिलिप गुस्ताव्हसन या तरुणाबरोबर सामने वाटून खेळणं सुरू झालं होतं, आणि शेवटच्या मोसमात तर तो उघडपणे दुसरा गोलकीपर होता. एकेकाळी ड्राफ्टचा पहिला क्रमांक, आता दार उघडणारा. तरी तो आला, एका वर्षाच्या करारावर.

१५ एप्रिल २०२५ ला आम्ही मायलेक मैदानात होतो. साखळीतला शेवटचा सामना, समोर अनाहाइम. वाइल्डने अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात बरोबरी केली आणि प्लेऑफमधली जागा पक्की झाली. ओव्हरटाइमसाठी प्रशिक्षकाने गुस्ताव्हसनला बसवून फ्ल्युरीला उतरवलं. पूर्ण मैदान उभं राहिलं. तीन विरुद्ध तीन, पाच मिनिटं, त्यात त्याने समोर आलेलं सगळं अडवलं आणि मॅट बोल्डीने गोल केला. तोच तो ५७५ वा. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे होते, डोळे पुसत. मीही रडले.

एवढ्यावर संपलं असतं तर छान गोड झालं असतं. पण गोलकीपरचं काम संपत नाही. दोन आठवड्यांनी, २९ एप्रिलला, प्लेऑफचा पाचवा सामना लास व्हेगासमध्ये होता. २-२ अशी बरोबरी, मालिकाही २-२, आणि दुसऱ्या पिरियडनंतर गुस्ताव्हसन आजारी पडला. चाळीस वर्षांचा फ्ल्युरी, दोन पिरियड थंडपणे बसून राहिलेला, तिसऱ्या पिरियडला उभा राहिला. ज्या जाळीत त्याने तो संघ उभा केला त्याच मैदानावर, त्याच संघासमोर. पूर्ण तिसरा पिरियड त्याने एकही गोल होऊ दिला नाही. ओव्हरटाइममध्ये व्हेगासच्या ब्रेट हाउडनने गोल मारला आणि वाइल्ड हरले. पुढचा सामनाही गेला, त्यात तो खेळला नाही.

तुम्ही त्याचा एकच सामना बघणार असाल तर २००९ चा बघू नका, तो सगळ्यांनी बघितलाय. हा तिसरा पिरियड बघा. विक्रमाशी त्याचा काही संबंध नव्हता, प्लेऑफचे विजय त्या ५७५ मध्ये धरतही नाहीत. कुणीतरी उभं राहायला हवं होतं आणि तयार असलेला तोच होता. सरावाचे फटके न घेता, घामाने न भिजलेल्या पॅडमध्ये.

त्याच सप्टेंबरमध्ये पेंग्विन्सने त्याला मोसमापूर्वीच्या एका सामन्यापुरतं बोलावलं. पिट्सबर्गला, क्रॉस्बी, माल्किन आणि लेटांग या जुन्या सोबत्यांबरोबर. तिथेही तो उतरला तो तिसऱ्या पिरियडलाच. त्या आधी बाकावर बसला होता.