संशोधनाचा डेटा सांभाळू पाहणाऱ्यास

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रेडिओ-खगोलशास्त्राच्या एका गटात सर्व्हर, स्टोरेज आणि व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) सांभाळण्याचे काम तुझ्याकडे येणार हे वाचून मनापासून आनंद झाला. आधी कोणते सॉफ्टवेअर शिकावे असे तू विचारले आहेस. त्यातले काही पुढे ओघात येईलच, पण रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न तिथल्या संशोधकांना जाऊन विचार: तुमच्याकडचा कोणता डेटा हरवला तर तो पुन्हा कधीच मिळणार नाही? या प्रश्नाचे नेमके उत्तर हाती नसताना जे प्रशासक डिस्क आणि रॅकची खरेदी सुरू करतात, त्यांच्याकडे भरपूर जागा असूनही नको त्या वस्तूंच्या तीन-तीन प्रती असतात आणि हव्या त्या वस्तूची एकच.

तुझ्या क्षेत्रात हा प्रश्न विशेष कळीचा आहे. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांनी एखाद्या रात्री टिपलेला क्षणिक स्फोटाचा काही मिलिसेकंदांचा सिग्नल साठवणीत बिघडला, तर दुर्बिणीचा वेळ पुन्हा मिळवूनही तो सिग्नल परत येत नाही. त्याच वेळी सगळेच ठेवणे कोणालाही परवडणारे नाही. साधा हिशेब करून पाहा: २०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्याचा कच्चा सिग्नल जसाच्या तसा साठवायचा, तर नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे (पट्ट्याच्या रुंदीच्या दुप्पट) सेकंदाला किमान ४० कोटी नमुने घ्यावे लागतात, एक नमुना एक बाइटचा धरला आणि दोन्ही ध्रुवीकरणे (लहरीच्या कंपनाच्या दोन दिशा) ठेवली, तर सेकंदाला ८०० एमबी, म्हणजे तासाला जवळजवळ २.९ टीबी. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा निर्णय शास्त्रज्ञांचाच असतो. त्यांनी तो घ्यावा, लिहून द्यावा आणि त्यावर सही करावी, एवढा आग्रह मात्र तू धरायला हवा.

मूळ निरीक्षणे, त्यांवर प्रक्रिया करून निघालेली फळे आणि कामापुरत्या तयार झालेल्या तात्पुरत्या फाइली या तिन्ही गोष्टी सुरुवातीपासून वेगवेगळ्या जागी ठेव. कॅलिब्रेशन झालेला, म्हणजे उपकरणाचे दोष काढून दुरुस्त केलेला, डेटा पुन्हा तयार करता येतो असे सगळे म्हणतात, पण त्यासाठी मूळ डेटा, प्रक्रियेची स्क्रिप्ट आणि सॉफ्टवेअरची नेमकी तीच आवृत्ती या तिन्ही वस्तू शाबूत असाव्या लागतात. स्क्रिप्ट एखाद्या विद्यार्थ्याच्या होम डिरेक्टरीत पडलेली असेल आणि तो विद्यार्थी पीएचडी संपवून निघून गेला असेल, तर 'पुन्हा तयार करता येतो' या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या डिरेक्टरीत मालक कोण, डेटा कधीचा, कशापासून आणि कोणत्या कमांडने बनला हे सांगणारी एक साधी मजकूर-फाइल असलीच पाहिजे. शिवाय कोणी संस्था सोडत असेल तर त्याच्या निरोप-समारंभाच्या आधी त्याच्या फाइलींचे मालक बदलून घ्यायला विसरू नकोस.

आता बॅकअपविषयी. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला संच), झेडएफएस या फाइल-प्रणालीचे स्नॅपशॉट (एखाद्या क्षणीची गोठवलेली स्थिती) आणि सेफ या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या साठवण-प्रणालीतल्या तीन प्रती हे सगळे फार उपयोगाचे आहे, पण यांतला एकही प्रकार बॅकअप नाही. डिस्क मेली तर रेड वाचवते. चुकून फाइल पुसली गेली तर स्नॅपशॉट वाचवतो. पण दोन्ही त्याच यंत्रावर, त्याच प्रशासकाच्या अधिकारांखाली असतात, त्यामुळे ज्याच्या हातून मूळ जाईल त्याच्याच हातून प्रतही जाऊ शकते. खरी प्रत वेगळ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या इमारतीत असावी आणि मुख्य सर्व्हरच्या रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, खात्यालाही ती पुसता येऊ नये. मुख्य सर्व्हरने प्रत तिकडे ढकलण्यापेक्षा बॅकअपच्या यंत्राने ती ओढून घ्यावी अशी रचना मला म्हणूनच अधिक पसंत आहे.

आणि प्रत घेतली जाते यावर समाधान मानू नकोस. ती परत आणून पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेत काय झाले ते त्या कंपनीने स्वतःच मोकळेपणाने जाहीर केले आहे. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची होती, ती कमांड मुख्य सर्व्हरवर चालली आणि थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. मग एकेक बॅकअप तपासायला घेतले, तर डेटाबेसची नियमित प्रत घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे अयशस्वी होत होता आणि त्याबद्दलचे इशारे देणारे ईमेल मेल-सर्व्हर नाकारत होता, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. या प्रकरणातून मी घेतलेला नियम असा: बॅकअप अयशस्वी झाला तर कळवणारी व्यवस्था पुरेशी नाही, तो यशस्वी झाल्याची खबर ठरलेल्या वेळेत आली नाही तर ओरडणारी व्यवस्था हवी. दर महिन्याला कोणतीही एक डिरेक्टरी निवडून ती कोऱ्या जागी परत आण, तिचे चेकसम (फाइलींवरून काढलेले पडताळणीचे आकडे) मूळ डेटाशी ताडून पाहा आणि किती वेळ लागला ते नोंदव. वेळ नोंदवण्याला कारण आहे. १० गिगाबिटच्या जोडणीवरून १०० टीबी आणायला, जोडणी पूर्ण क्षमतेने चालली तरी, बावीस तासांहून अधिक लागतात, आणि ती पूर्ण क्षमतेने क्वचितच चालते. संचालक विचारतील तेव्हा 'उद्या सकाळपर्यंत होईल' असे अंदाजाने सांगण्याची पाळी येऊ नये.

दुसरे प्रकरण जपानमधले आहे आणि ते संशोधन-संगणनात काम करणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने समजून घ्यावे असे मला वाटते. क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये लस्टर फाइल-प्रणालीतल्या सुमारे ७७ टीबी डेटाच्या, म्हणजे जवळपास ३.४ कोटी फाइली पुसल्या गेल्या. चौदा संशोधन-गटांना त्याचा फटका बसला आणि त्यांतल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही. कारण ठरली जुन्या लॉग-फाइली (यंत्रणेच्या नोंदी) पुसणारी, बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेली एक स्क्रिप्ट. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने तिच्यात सुधारणा करून नवी आवृत्ती चालू स्क्रिप्टवरच लिहिली. बॅश हा स्क्रिप्ट एकदम संपूर्ण वाचून घेत नाही, तो पुढे-पुढे वाचत जातो. त्यामुळे अर्धी जुनी स्क्रिप्ट चालून झाल्यावर पुढचा मजकूर त्याने नव्या फाइलमधून उचलला. नव्या फाइलमध्ये चलांची (व्हेरिएबलची) नावे बदललेली होती, त्यांना अद्याप कोणतीही किंमत दिली गेली नव्हती, आणि लॉगच्या डिरेक्टरीचा पत्ता जिथे यायला हवा होता तिथे रिकामी जागा आली. परिणामी शोधून पुसण्याची कमांड संशोधकांच्या डेटावर चालली.

यातून हाताला लावून घेण्यासारख्या सवयी अगदी नेमक्या आहेत. स्क्रिप्ट बदलताना ती आहे त्याच फाइलवर लिहू नकोस. शेजारी नवी फाइल तयार कर आणि मग एमव्ही कमांडने तिला जुने नाव दे, म्हणजे चालू असलेली प्रक्रिया जुनीच फाइल शेवटपर्यंत वाचेल. प्रत्येक स्क्रिप्टच्या आरंभी, किंमत न दिलेला चल आढळताच बॅशने थांबावे असा पर्याय चालू ठेव. पुसणारी कोणतीही कमांड आधी फक्त यादी छापू दे, ती यादी डोळ्यांखालून घाल आणि मगच तिला पुसण्याचा अधिकार दे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण चार संशोधन-गटांचे काम ज्यामुळे गेले ती गोष्टही एवढीच होती.

डिस्कविषयी थोडे. तुझ्याकडे झेडएफएस असेल तर दर महिन्याला स्क्रब (सगळा डेटा वाचून करायची तपासणी) चालव, कारण वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या फाइलींतला बिघाड वाचल्याशिवाय कळत नाही, आणि संशोधनातल्या बहुतेक फाइली अशाच असतात. पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा) ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नकोस. १६ टीबीची डिस्क बदलल्यावर, सेकंदाला २०० एमबीचा वेग सलग मिळाला तरी, ती पूर्ण भरायला बावीस तास जातात, आणि त्या काळात बाकीच्या डिस्कवर सर्वाधिक ताण असतो. म्हणून दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी तगणारी रेडझेड-२ ही मी किमान पायरी मानते. डिस्क बदलण्याची कृती सावकाश कर. लिनक्सने दिलेले एसडीबी, एसडीसी हे नाव रीबूटनंतर बदलू शकते, त्यामुळे नावावर विसंबू नकोस. अनुक्रमांक कागदावर लिहून घे, ट्रेचा दिवा लुकलुकवून जागा निश्चित कर, ट्रे ओढण्याआधी रॅकपाशी एखाद्या सहकाऱ्याला उभे करून त्याच्याकडून तो दिवा मोठ्याने सांगून घे, आणि बाहेर काढलेल्या डिस्कच्या लेबलवरचा अनुक्रमांक कागदाशी जुळल्याशिवाय नवी डिस्क आत सारू नकोस. खराब डिस्कऐवजी शेजारची चांगली डिस्क ओढली गेली की जो पूल एका डिस्कने अधू होता तो दोन डिस्कनी अधू होतो.

सेफ वापरत असशील तर ८५, ९० आणि ९५ हे तीन आकडे लक्षात ठेव. ८५ टक्क्यांना इशारा येतो, ९० ला डेटाची नवी मांडणी थांबते आणि ९५ ला लिहिणेच बंद होते. तीनच सर्व्हर आणि तीनच प्रती असतील, तर एक सर्व्हर गेल्यावर काम चालू राहते, पण तिसरी प्रत उभी करायला जागाच उरत नाही. चौथा सर्व्हर मागताना प्रस्तावात हेच कारण लिही. वेगापेक्षा हे कारण वित्त-विभागाला लवकर पटते असा माझा अनुभव आहे.

व्हर्च्युअल मशीन करायला इतके सोपे असते की त्यांची संख्या पाहता-पाहता वाढते. माझे मत असे की कोणतेही व्हर्च्युअल मशीन पुसून तासाभरात नव्याने उभे करता आले पाहिजे, आणि ते येत नसेल तर त्याची रचना चुकलेली आहे. त्यासाठी त्याची सगळी मांडणी, यंत्रे आपोआप उभी करणाऱ्या अँसिबलसारख्या साधनात आणि बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेव, संशोधनाचा डेटा त्याच्या आभासी डिस्कच्या पोटात न ठेवता बाहेरून जोड (माउंट कर). थिन प्रोव्हिजनिंगमध्ये, म्हणजे जागा लागेल तशी देण्याच्या पद्धतीत, दहा मशीनना दोन-दोन टीबीचे वचन दिलेले असते आणि खाली प्रत्यक्षात बारा टीबीच असतात. वचनांची बेरीज आणि खरी जागा यांचा आलेख रोज डोळ्यांसमोर असू दे, कारण खालची जागा संपली की एक मशीन अडत नाही, सगळी एकदम अडतात. सीपीयूच्या बाबतीत थोडे जास्तीचे वाटप चालते, मेमरीच्या बाबतीत मी ते मुळीच करत नाही. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट बदल करण्याआधी घ्यावा आणि बदल निभावला की काढून टाकावा. महिनोन्‌महिने साचलेली स्नॅपशॉटची साखळी वाचनाचा वेगही खाते आणि जागाही. जड गणनेची कामे मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये न कोंबता स्लर्म या कामे वाटणाऱ्या प्रणालीच्या रांगेतून थेट यंत्रांवर जाऊ देत.

संशोधकांशी बोलत राहा, कारण अर्ध्या तांत्रिक अडचणी त्यांच्या सवयींतून येतात. कोणाच्या प्रोग्राममधून कोट्यवधी बारीक फाइली पडत असतील तर डिस्कवर जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपतात आणि बॅकअपचा सारा वेळ फाइलींची यादी करण्यातच जातो. त्यांना दोष देण्यापेक्षा शेजारी बसून त्या फाइली एचडीएफ५ (बराच डेटा एकाच फाइलीत ठेवण्याचा प्रकार) मध्ये कशा बांधायच्या ते दाखव. पुढच्या वेळी ते प्रोग्राम लिहिण्याआधीच विचारायला येतील. तात्पुरत्या जागेतल्या फाइली किती दिवसांनी पुसल्या जातील हा नियम लेखी असू दे, पुसण्याआधी दोनदा कळव, आणि मुदत वाढवून मागणाऱ्याला एकदा ती दे.

शेवटचा मुद्दा विजेचा. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडले किंवा वळवाच्या पावसात वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर यूपीएसची थोडीच मिनिटे हातात असतात. आधी गणनेचे नोड बंद करायचे, मग व्हर्च्युअल मशीन, आणि सगळ्यांत शेवटी स्टोरेज. सुरू करताना याच्या बरोबर उलट, आणि स्टोरेज निरोगी असल्याची खात्री होईपर्यंत वरचे काहीही नाही. हा क्रम यूपीएसच्या सूचनेवरून आपोआप चालावा अशी व्यवस्था कर आणि वर्षातून एकदा, सर्वांना आधी सांगून, ती खरोखर चालवून पाहा. कमांडसकट हा सगळा क्रम, फोन करायच्या माणसांच्या नावांसह, छापून सर्व्हर-खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लाव, कारण तुमचे विकी ज्या व्हर्च्युअल मशीनवर आहे ते त्या वेळी बंद असेल.

कळावे, लोभ असावा.

तुझी हितचिंतक