पाहुण्यांना कारखाना दाखवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी सुपरवायझर आहे. पुढच्या आठवड्यात जर्मन कस्टमर येतायत. इंग्रजीत ओळख ‘मायसेल्फ’ने सुरू केली की आमचे साहेब हसतात.

‘आय ॲम’ म्हणा, पुढे नाव आणि ‘आय लुक आफ्टर द मोल्डिंग लाइन’. बस. ‘सिन्स टेन इयर्स’ नको, ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणा. साहेबांचं हसणं मनावर घेऊ नका. लाइन कशी चालते ते पाहुणे तुम्हालाच विचारणार आहेत.

प्रश्न: ते पाहुणे आणि मी साधा कामगार. ‘हे करा, ते करू नका’ असं त्यांना कसं सांगू?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गेटवर नियम सगळ्यांच्या नावाने सांगा: ‘एव्हरीवन निड्स टू वेअर अ हेल्मेट अँड सेफ्टी शूज हिअर.’ कुणालाच टोचत नाही. ‘कुड यू’ने विचारलंत तर हेल्मेट घालणं त्यांच्या मर्जीवर आहे असं वाटेल.

भट्टीजवळ मात्र अदब बाजूला ठेवा. बीड म्हणजे कास्ट आयर्न, त्याचा रस साधारण 1,400 अंश सेल्सिअसला ओततात. ओलसर साच्यात किंवा ओल्या जमिनीवर रस पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो. तिथे ‘स्टँड बॅक!’, ‘स्टॉप!’, ‘स्टे बिहाइंड द यलो लाइन!’ एवढंच, तेही खणखणीत आवाजात. एका कारखान्यात मी शिकवत असताना फोर्कलिफ्ट मागे येत होती आणि माझा विद्यार्थी पाहुण्याला म्हणत होता, ‘सर, इफ यू डोंट माइंड...’ वाक्य पुरं व्हायच्या आत मी पाहुण्याचा दंड धरून बाजूला ओढलं. त्या दिवसापासून मी वर्गात ‘स्टॉप’ आधी शिकवतो, ‘वेलकम’ नंतर.

आणखी एक. नॉकआउटच्या, म्हणजे साचा फोडून कास्टिंग (ओतलेला भाग) बाहेर काढण्याच्या, आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही. दाराबाहेरच थांबा: ‘इट्स व्हेरी लाउड इनसाइड, सो लेट मी एक्सप्लेन हिअर फर्स्ट.’ इअरप्लगही तिथेच द्या.

प्रश्न: ‘एनी डाउट्स?’ विचारलं की परदेशी पाहुणे गोंधळतात.

आपण ‘शंका’ म्हणतो तसं आपल्याकडे ‘डाउट’ चालतं. त्यांना त्यात अविश्वास ऐकू येतो. ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणा. लाख-कोटीचंही तसंच: दोन लाख कास्टिंगला ‘टू हंड्रेड थाउजंड’, एक कोटीला ‘टेन मिलियन’.

प्रश्न: उत्तर येत नसेल तर?

अंदाज सांगू नका. कास्टिंग घेणारा माणूस आकडा लिहून घेतो आणि पुढच्या मीटिंगला तोच समोर ठेवतो. ‘लेट मी चेक. आय विल टेल यू बिफोर यू लीव्ह’ म्हणा, प्रश्न खिशातल्या डायरीत त्यांच्यासमोरच लिहा आणि ते गाडीत बसायच्या आत उत्तर द्या.