ग्रामसभेनं मान्य केलेला वनहक्क दावा वरून नामंजूर. आता जमीन सोडायची का?

प्रश्न : आम्ही आदिवासी. गाव अनुसूचित क्षेत्रात आहे. सासऱ्यांनी २००९ साली वनहक्काचा दावा टाकला होता. जमीन दीड हेक्टरच्या आसपास, वर नाचणी-वरई आणि खालच्या अंगाला भात. ग्रामसभेनं ठराव करून दावा मान्य केला. पुढे प्रांत कार्यालयात गेल्यावर तोंडी सांगितलं की नामंजूर झालाय, कारण दंडाची पावती नाही आणि उपग्रहाच्या चित्रात तिथं झाडं दिसतात. सासरे वारले. आता वनखात्याची माणसं रोपवनाचे खड्डे खणायला आली आहेत. दिरानं ‘स्वखुशीनं जमीन सोडतो’ अशा कागदावर सही केली, मी केली नाही. सुप्रीम कोर्टाचाच आदेश आहे असं ते सांगतात. आमच्यावर अन्याय झाला हे सरकारनंच कायद्यात लिहिलंय ना? मग पुरावा आम्हीच का द्यायचा?

उत्तर : ताई, सही केली नाहीत हे फार बरं केलंत. यापुढेही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर घरातल्या कुणीही सही-अंगठा करू नये. आणि या पावसाळ्यात पेरणी थांबवू नका.

आधी खड्ड्यांचं बघू, कारण ते आज चाललेत. वनहक्क कायदा २००६ चं कलम ४(५) स्पष्ट आहे : हक्क मान्य करण्याची आणि पडताळणीची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वननिवासी माणसाला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. तुमची प्रक्रिया पुरी झालेली नाही. उपविभागीय समिती, म्हणजे प्रांतांची समिती, दावे तपासून पुढे पाठवते. अंतिम निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीचा. त्या समितीनं तुमच्या दाव्यावर निर्णय दिल्याचा कागद तुमच्या हातात नाही. मग आज खड्डे कशाच्या आधारावर खणले जातात, हे वनखात्याला लेखी विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

सुप्रीम कोर्टाच्या नावानं घातलेली भीती अनेक पाड्यांवर पोचलेली आहे. १३ फेब्रुवारी २०१९ ला ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना काढण्याचा आदेश झाला होता, हे खरं. पण २८ फेब्रुवारी २०१९ ला त्याच न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि दावे फेटाळताना नेमकी कोणती पद्धत पाळली याची प्रतिज्ञापत्रं राज्यांकडून मागवली. म्हणजे न्यायालयालाही शंका आली ती याच गोष्टीची, जी तुमच्या बाबतीत घडली आहे. आदेश दाखवतो म्हणणाऱ्याकडे त्याची प्रत मागा आणि तारीख बघा.

दिराच्या सहीनं घाबरून जाऊ नका, त्यांच्यावर रागावूही नका. दारात गणवेशातली माणसं उभी राहिली की सही होते. कलम ४(४) प्रमाणे हा हक्क वारसांकडे जातो, पण तो विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्यामुळे एका वारसाच्या चार ओळींनी अख्ख्या कुटुंबाचा हक्क संपतो, असं मी मानत नाही. तरीही दिरांनी लगेच, आठवडाभरात, लेखी कळवावं की कागदातला मजकूर आपल्याला वाचून दाखवला नव्हता आणि ती सही आपण मागे घेत आहोत. मात्र जे खरं घडलं तेवढंच लिहा. वाचून दाखवला असेल तर तसं लिहा आणि दबाव होता का ते सांगा.

आता नामंजुरीकडे येऊ. माझ्या मते तुमच्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथं आहे, आणि ती सरकारी बाजूची आहे. २०१२ साली सुधारलेल्या नियमांतला १२-अ वाचा. दावा नाकारायचा किंवा कमी करायचा असेल तर ते दावेदाराला व्यक्तिशः कळवावं लागतं, म्हणजे त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. समितीला ही मुदत आणखी ३० दिवस वाढवता येते. ग्रामसभेचा ठराव फिरवणारा निर्णय कारणांसहित लेखी असावा लागतो. ठराव अपुरा वाटला तर दावा सरळ फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा. काउंटरवर बसलेल्या माणसाच्या तोंडी बोलण्याला निर्णय म्हणता येत नाही. व्यक्तिशः कळवलंच नसेल तर मुदत सुरूच झालेली नाही, असा मुद्दा ठामपणे मांडा. पण लेखी उत्तर हाती पडलं की त्या दिवसापासून दिवस मोजायला लागा आणि साठाच्या आत अर्ज करा.

दंडाची पावती नाही, हे कारण त्याच नियमात खोडलेलं आहे. दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, गुन्ह्याचे अहवाल असणं किंवा नसणं, एवढ्या एकाच आधारावर दावा फेटाळता येत नाही. उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून घेता येतं, बाकीच्या पुराव्यांच्या जागी नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी दाखवायला उपयोगी आहे. आणि व्यवहारानं बघा : वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन काही वर्षं पिकवून विसाव्याला टाकतात, बांधावरची आंब्या-मोहाची झाडं कुणी तोडत नाही. वरून काढलेल्या चित्रात हे जंगलासारखंच दिसणार. हे तुमच्या जबाबात तुमच्याच शब्दांत येऊ द्या.

मग पुरावा कोणता? नियम १३ मध्ये जे मोजलंय त्यातले किमान दोन प्रकार हवेत, आणि तुमच्याकडे बहुधा त्याहून जास्त निघतील. सासऱ्यांचं जुनं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, घरपट्टी. शेतातला दगडी बांध, ताली, विहीर, भातखाचराची सपाट केलेली जागा. कुळाच्या देवाचं ठाणं, पूर्वजांना पुरलेली जागा. वंशावळ. आणि घरच्या माणसांव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. या जबाबांसाठी घाई करा, कारण साक्ष देणारी माणसं म्हातारी आहेत. जबाबात ‘पूर्वीपासून कसतात’ एवढंच नको. अमक्याच्या लग्नाच्या वर्षी आम्ही तिथं लावणीला गेलो होतो, विहीर अमक्या दुष्काळात खणली, असं लिहून घ्या. जमीन १३ डिसेंबर २००५ या कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून ताब्यात होती, हे त्यातून दिसायला हवं. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. त्या तारखेनंतर बांध पुढे सरकवला असेल तर तो तुकडा दाव्यात धरू नका. त्या एका तुकड्यापायी सगळ्या दाव्यावर संशय घेतला जातो.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. होय, या कायद्याच्या उद्देशिकेत सरकारनं स्वतः म्हटलंय की इंग्रजांच्या काळात आणि स्वतंत्र भारतातही राज्याची वनं ठरवताना पूर्वापार जमिनींवरचे हक्क नीट नोंदले गेले नाहीत आणि त्यातून वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला. राज्यानं अशी कबुली कायद्यात देणं ही मोठी गोष्ट आहे. ज्यांनी नोंदी केल्या नाहीत त्यांनीच नोंदींचा कागद मागावा, हे अन्यायाचंच पुढचं पाऊल ठरेल. म्हणूनच कायद्यानं हक्क ठरवायची सुरुवात करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आणि बांध, विहीर, म्हाताऱ्यांचा शब्द यांना पुरावा मानलं. हा कायदा जमीन वाटत नाही, आधीपासून असलेला हक्क मान्य करतो. तेव्हा कार्यालयात याचना करायला जाऊ नका. मला दुःख याचं आहे की कबुली दिल्लीत लिहिली गेली आणि तालुक्याच्या टेबलावर ती कुणी वाचत नाही. कायदा मोडणाऱ्या समिती सदस्याला कलम ७ खाली दंड आहे तो एक हजार रुपयांपर्यंत. एका कुटुंबाची जमीन जाते तिथं ही रक्कम फारच तोकडी आहे.

प्रांत कार्यालयात साधा अर्ज द्या : ‘आमच्या दाव्यावरील निर्णयाची कारणांसहित प्रत, ग्रामसभेचा ठराव, स्थळपाहणीचा अहवाल आणि ज्यावर विसंबलात ते उपग्रह चित्र द्यावं. दावेदार मयत असल्यानं वारस म्हणून माझं व पतीचं नाव नोंदवावं.’ पोच घेतल्याशिवाय परतू नका. प्रत टाळली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. दुसरा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, कलम ४(५) चा उल्लेख करून, खड्डे थांबवण्यासाठी. त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. सोबत ग्रामसभेचा नवा ठराव जोडला तर वजन पडतं. खड्ड्यांचे आणि पिकाचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

जिल्हास्तरीय समितीनंही नाकारलं तर वाट बंद होत नाही. पूर्वी तो निर्णय अंतिम होता. पण राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेनं महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील करता येतं, आदेशापासून ९० दिवसांत. त्यानंतर उच्च न्यायालय आहेच. उभं पीक उपटलं किंवा जबरदस्तीनं काढलं, तर अनुसूचित जमातीच्या माणसाच्या वनहक्कात बेकायदा अडथळा आणणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(g) खाली गुन्हा आहे; मात्र तक्रार द्यायच्या आधी वकिलाला कागद दाखवा.

वकिलाच्या पैशांची काळजी करू नका. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं. जाताना दिरांना सोबत न्या.