पीएचडीसाठी गाइड: एच-इंडेक्स 14 की 41?

तुम्ही विचारलंय की मॉलिक्युलर बायोलॉजीत दोन गाइड समोर आहेत, एकांचा एच-इंडेक्स 14 (म्हणजे त्यांच्या 14 पेपरांना प्रत्येकी निदान 14 सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत संदर्भ, मिळालेत) आणि दुसऱ्यांचा 41, तर 41 वालेच घ्यावेत ना? नाही. निदान या आकड्याच्या भरवशावर तरी मुळीच नाही.

एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो मांडला, तेव्हा पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी त्याला भागायचं, हेही त्याच लेखात दिलं होतं. निवड समित्यांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोयीस्करपणे सोडून दिली.

आधी गूगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडा आणि त्यात भलतेच पेपर शिरलेत का ते बघा. ‘ए. कुलकर्णी’, ‘एस. पाटील’ अशा नावांवर सिव्हिल इंजिनिअरिंगचे पेपरही आपोआप चिकटतात. ऑर्किडच्या (ORCID, संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) यादीशी ताडून बघा. मग ज्या पेपरांत गाइडचं नाव शेवटी आहे (या विषयात लॅबप्रमुखाचं नाव सहसा शेवटी असतं) तेवढेच वेगळे काढा, सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरून मोजत या. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो त्यांच्या स्वतःच्या लॅबचा एच-इंडेक्स. पन्नास लेखकांच्या यादीत मधेच नाव असलेले पेपर गळले की 41 चे 15 होणं मुळीच अशक्य नाही.

एकूण सायटेशनचा आकडा तर याहून फसवा. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिन मोजण्याच्या पद्धतीवरचा 1951 चा पेपर घ्या. तांबं, फोलिन रिएजंट, निळा रंग, 750 नॅनोमीटरला रीडिंग. त्याची सायटेशन तीन लाखांवर गेली. ‘नेचर’ने 2014 मध्ये सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी काढली, तेव्हा हाच पहिला होता, दुसरा लेम्लीचा 1970 चा, जेलवर प्रथिनं वेगळी करण्याचा, तिसरा ब्रॅडफर्डचा 1976 चा, पुन्हा प्रथिन मोजण्याचा. तिन्ही प्रथिनांच्या रोजच्या कामाच्या पद्धती. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा 1953 चा पेपर त्या शंभरात नाही! पद्धत वापरणारा प्रत्येक जण सायटेशन देतो, पण शोध एकदा पाठ्यपुस्तकात गेला की त्याचा मूळ पेपर कुणी देत नाही. आणि तीन लाख सायटेशन असूनही लाउरींच्या एच-इंडेक्समध्ये या पेपरने भर पडते ती फार तर 1 ची. म्हणून वरचे दोन-तीन पेपर उघडून बघाच: रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा) आहेत, पद्धत आहे, की लॅबचं स्वतःचं संशोधन?

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या अलीकडच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी) माणूस जोखणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा इम्पॅक्ट फॅक्टर 2 च्या आसपास असायचा, 2009 चा एकदम जवळजवळ 50 निघाला. कारण काय, तर शेल्ड्रिक यांचा शेल्एक्स या स्फटिकांची रचना काढणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा 2008 मधला एकच पेपर. त्या वर्षी तिथे छापलेल्या बाकीच्या लेखकांचं काम काय रातोरात पंचवीसपट चांगलं झालं?

तुमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे. गेल्या सहा-सात वर्षांत तिथून पीएचडी झालेल्यांची नावं काढा आणि प्रत्येकाचा पहिला लेखक म्हणून (म्हणजे मुख्य काम त्याचं असलेला) पेपर आला का, किती वर्षांनी आला, ते बघा. क्लोनिंग, नॉकआउट, रेस्क्यू असे जीनवरचे प्रयोग, मग रिव्ह्यूअरने मागितलेले जादा प्रयोग, या सगळ्यात चार-पाच वर्षं जातातच. त्यामुळे वर्षाला दहा पेपर काढणाऱ्या छोट्या लॅबबद्दल मला आदर नाही, शंका येते. पबपीअरवर (छापलेल्या पेपरांवर शंका नोंदवण्याची वेबसाइट) गाइडचं नाव टाका. वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीची) एकच पट्टी दोन आकृत्यांत वापरल्याच्या तक्रारी असतील तर मूळ चित्रं स्वतः बघा आणि लेखकांनी काय उत्तर दिलंय तेही वाचा.

शाखा वेगळी असेल तर आकड्यांची तुलनाच करू नका. कॅन्सरवाल्यांना सायटेशन देणारे खूप असतात, वनस्पतींवाल्यांना कमी. पबमेड या वैद्यकीय-जैविक पेपरांच्या सूचीतले पीएमआयडी (पेपरांचे क्रमांक) आयसाइट या वेबसाइटवर टाकलेत तर आरसीआर (सापेक्ष सायटेशन गुणोत्तर) मिळतो, त्यात विषयाचा फरक बराचसा धरलेला असतो. आणि 14 वाल्यांची लॅब अगदीच नवी असेल, तर शेवटच्या लेखकाचं वरचं गणित त्यांना लावू नका. त्यांचा पोस्टडॉकमधला (पीएचडीनंतर दुसऱ्यांच्या लॅबमध्ये काम करतानाचा) पहिल्या लेखकाचा पेपर वाचा आणि तो प्रकल्प सोबत आणायची परवानगी जुन्या बॉसने दिली आहे का, हे त्यांनाच थेट विचारा.