भावाची संजय गांधीची पेन्शन चालू आहे, आता नोकरी मिळतेय. पेन्शन जाईल का? नोकरी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला कमी ऐकू येतं, युडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) 60 टक्के अपंगत्व आहे, संजय गांधी निराधार योजनेचे 2500 खात्यात येतात आणि आता महापेच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला 11,000 देतायत. राहायला कोपरखैरणे. आई म्हणते पेन्शन हातची घालवू नका, तुम्ही म्हणताय नोकरी घे.

आमच्या घरात हेच भांडण 2014 ला झालं आणि अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

नियमाचं आधी सांगून टाकतो. पेन्शन जाते. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000, म्हणजे महिन्याला 4,166 रुपये, आणि त्यात एकट्या भावाचं नाही, कुटुंबाचं उत्पन्न धरतात. एवढ्यात कोपरखैरणेत खोलीचं भाडं तरी निघतं का? त्यामुळे आज त्याची पेन्शन चालू आहे म्हणजे उत्पन्नाचा दाखला कसा बसवलाय ते मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका. 11,000 ने वर्षाचे 1,32,000 होतात. ते कागदावर आलं की विषय संपला.

आता माझं ऐका. मला डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ, कॅलिपर आणि एक कुबडी. राहायला कळवा. ही पेन्शन मला दादाने करून दिली, तेव्हा 600 रुपये होते (2019 ला 1000 झाले, 2023 ला 1500, आणि दिव्यांगांना 2500 हे 2025 मध्ये). त्या 600 साठी दादा कामावर खाडे करून सात वेळा गेला. एकदा रहिवासी दाखला, एकदा 15 वर्षं महाराष्ट्रात राहतोय त्याचा पुरावा, एकदा फोटोवर सही राहिली, एकदा साहेब मीटिंगला. तेव्हा मर्यादा 21,000 होती, त्यामुळे आमच्या चाळीत रिक्षावाला असो की धुणंभांडी करणारी बाई, ज्याला ज्याला दाखला हवा त्याचं उत्पन्न बरोब्बर 20,000. सगळे एकदम सारखे गरीब.

मग 2014 ला मला रबाळे एमआयडीसीत नोकरी लागली, वायर हार्नेसच्या कंपनीत. बसून काम, वायरचं टोक सोलायचं, टर्मिनल लावायचं, मशीनमध्ये धरायचं आणि पायाने पेडल दाबायचं. त्याआधी दोन ठिकाणी माझा पाय बघूनच नाही म्हणाले होते, कारण पेडल म्हटलं की हा कसा दाबणार. इथल्या सुपरवायझरने काही न बोलता पेडल सरकवून उजव्या पायाखाली आणलं आणि खाली प्लायवूडचा तुकडा स्क्रूने मारला. दहा मिनिटांचं काम. लोक मोठमोठी भाषणं करतात अपंगांच्या रोजगारावर, मला तो प्लायवूडचा तुकडा आठवतो.

पगार 8,200. पीएफ कापून, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड. पहिला पगार झाल्यावर मी काय केलं असेल? सुट्टी टाकून पेन्शन बंद करायला गेलो. ऑफिसचं नाव लिहीत नाही. टेबलावरच्या मॅडम खाली बघूनच म्हणाल्या, "नवीन का?"

म्हटलं, "नाही, बंद करायचीय."

"कोण वारलं?"

"मॅडम, माझीच आहे."

तेव्हा त्यांनी वर बघितलं, मग कुबडी बघितली, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "अहो, हे बघा काय म्हणतायत." तोही खुर्ची फिरवून बघायला लागला. बंद करायचा फॉर्मच नव्हता त्यांच्याकडे. मॅडम समजावून सांगायला लागल्या, "राहू दे ना भाऊ, कोणाचं काय जातंय, उद्या नोकरी गेली तर?" मी कुठला ऐकतोय, साध्या कागदावर अर्ज लिहिला की मला नोकरी लागली असून सदर अनुदानाची गरज नाही, आणि वर पोच मागितली. शिक्का पुसट उठला तर परत मारून घेतला. एवढा माज.

रात्री जेवताना दादाला सांगितलं. त्याने घास ताटात ठेवला. म्हणाला, "सहाशेचं सोड, माझ्या सात फेऱ्यांचं काय?" मी म्हटलं, मला भीक नको. त्यावर तो जे बोलला ते आजपण डोक्यात आहे, "भीक? मग तुझा लोकलचा पास काय आहे, निम्म्या पैशात काढतोस ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, ताट उचलून उठलो.

सहा वर्षं ती नोकरी केली. कळव्याहून ठाणे, ठाण्याला पूल चढून वाशी लाइनची गाडी, अपंगांच्या डब्यात धडधाकट लोक बसलेले, त्यांना उठवायचं रोजचं भांडण वेगळं. पण त्या ईएसआयसीच्या कार्डावर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आईवडील अवलंबून असतील तर त्यांनाही मिळतं. 600 रुपयांत ते कधी झालं असतं? आणखी एक, सुरुवातीला पगारातून महिन्याला 175 रुपये व्यवसाय कर कापत होते, 40 टक्क्यांच्या वरच्या अपंगांना तो माफ आहे हे अकाउंटवाल्याला मीच जाऊन दाखवलं. कोणी आपणहून सांगत नाही.

मग 2020. लोकल बंद, नंतर फक्त अत्यावश्यकवाल्यांना. कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला, "सध्या येऊ नका." ते सध्या अजून चालूच आहे. पीएफ काढून काही महिने निघाले, मग परत पेन्शनच्या दारात. माझी ती पोच, दोनदा शिक्का मारलेली, घेऊन गेलो होतो, वाटलं प्रामाणिकपणाचा काही उपयोग होईल. नवा माणूस होता, म्हणाला, "सोडलीत कशाला मग?" नवीन अर्ज, नवीन सगळं. जुनं हाताने लिहिलेलं सर्टिफिकेट चालणार नाही, ऑनलाइन पाहिजे, म्हणून परत तपासणी, आणि 55 चे 48 टक्के झाले. पोलिओ उतरला बहुतेक वयाबरोबर. 40 च्या खाली गेलो नाही हेच नशीब. मंजुरीला 14 महिने लागले. तेव्हाही दादाच बरोबर आला, आणि प्रत्येक खेपेला रिक्षात बसताना मोजायचा, "ही आठवी", "ही नववी".

तर तुमचं. माझं मत, नोकरी घ्या, पण आधी विचारा की पगाराची स्लिप, पीएफ आणि ईएसआयसी देणार का. देत असतील तर आईला माझं नाव सांगा आणि पेन्शन सोडा. रोख हातावर ठेवणार असतील तर ती नोकरीच नाही, त्यासाठी 2500 घालवू नका, उद्या फोनवर "सध्या येऊ नका" म्हटलं की हातात कागद नाही आणि पेन्शनपण नाही. 11,000 किमान वेतनात तरी बसतात का तेही बघा, मला शंका आहे. आणि भावाला घेऊन एकदा ते गोडाऊन बघून या. फोर्कलिफ्ट चालतात का तिथे? रिव्हर्सचा हॉर्न त्याला ऐकू येणार आहे का? पॅकिंगचं टेबल भिंतीकडे, गाड्यांच्या वाटेपासून लांब मागा. मागायला लाजू नका, मला पेडल कोणी आपणहून दिलं पण सगळीकडे तसा माणूस नसतो.

हे जमलं नाही तर चुनाभट्टीला एटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, वाशीहून सीएसएमटी गाडीने थेट, तिथे नाव नोंदवा. श्रवणयंत्र नसेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था. सरकारी भरतीत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का कमी ऐकू येणाऱ्यांचा, दहावी-बारावी झाली असेल तर जाहिरातींवर लक्ष ठेवा. महापालिकेचा 5 टक्के दिव्यांग निधी असतो, त्याचे अर्ज निघाले की भरा.

एक राहिलं. पेन्शन लगेच पहिल्या पगाराला पळत जाऊन बंद करा असं मी म्हणत नाही, तो माझा मूर्खपणा होता, आधी नोकरी टिकतेय का बघा. पण वर्षभर दडवून घेतलीत आणि हयातीच्या दाखल्याच्या वेळी सापडलं तर वसुलीची भानगड होऊ शकते, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि हे मी कामावर जाऊ शकणाऱ्यांपुरतं बोलतोय. 80-90 टक्केवाल्यांना किंवा मतिमंद मुलांच्या आईबापांना कोणी असला सल्ला द्यायला गेला तर त्याला हाकला.

सध्या मी कळव्यात एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो, लोकांचे युडीआयडीचे फॉर्म भरून देतो. पेन्शन चालू आहे. माझं उत्पन्न किती ते विचारू नका. आणि भीक हा शब्द मी आता वापरत नाही, पण दादासमोर तसं म्हणणार नाही, तो लगेच सात फेऱ्या काढेल, ज्या हल्ली नऊ झाल्यात, कारण दोन वेळा ऑफिस इलेक्शनच्या कामाला बंद होतं ते त्याला आता आठवायला लागलंय.