वाचकांचे प्रश्न : नव्या घरातलं बाथरूम आखताना

साताऱ्याजवळ तळमजल्याचं घर बांधतोय. घरात सहा माणसं आणि बाथरूमला जागा ८ बाय ५ फूट. आठ फुटांच्या एका बाजूला पॅसेज आहे, दुसरी बाजू बाहेरची भिंत. संडास-बाथरूम एकत्र करावं की वेगळं? आर्किटेक्ट एकत्र म्हणतात, आई वेगळं म्हणते.

आईचं ऐका. एकत्र बाथरूम नकाशात मोकळं दिसतं, पण सकाळी सहा ते आठ या वेळेत एक जण अंघोळीला गेला की बाकी पाचजण अडकतात. घरात दुसरा संडास असता तर गोष्ट वेगळी होती.

आधी जागेचं माप नीट समजून घ्या. नकाशातले ८ बाय ५ विटेपासून विटेपर्यंतचे असतात. प्लास्टर, टाइल आणि टाइलखालचा माल धरला की प्रत्येक भिंतीला साधारण सव्वा इंच जातं. म्हणजे हातात उरतात साधारण ९३ बाय ५७ इंच. मध्ये चार इंची विटेची आडभिंत घातली की दोन्ही बाजूंच्या प्लास्टर-टाइलसकट ती साडेसहा इंच खाते. उरलेल्या साडेशहाऐंशी इंचांत संडासाला रुंदी ३६ इंच द्या, अंघोळीला ५० इंच मिळतात. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत दोन्हींना ५७ इंच.

संडासात कमोड बाहेरच्या भिंतीला, दाराकडे तोंड करून. भांड्याच्या मध्यापासून दोन्ही भिंती १८ इंचांवर येतात. १५ इंचांच्या खाली गेलात तर कोपर भिंतीला लागतं. कमोड भिंतीपासून सुमारे २७ इंच पुढे येतं, समोर ३० इंच उरतात, आणि २४ इंचही चालतात. दार मात्र बाहेर उघडणारं हवं. आत उघडलं तर दार लावायला माणसाला कमोडवर चढावं लागेल.

बेसिन दोन्ही दारांच्या मधल्या भिंतीवर, पॅसेजमध्ये घ्या. दात घासायला आणि हात धुवायला मग बाथरूम रिकामं होण्याची वाट बघावी लागत नाही. संडासाच्या दाराची बिजागरी बेसिनपासून लांबच्या बाजूला ठेवा, नाहीतर दार उघडताना तोंड धुणाऱ्याच्या पाठीत बसेल. बेसिनची वरची कड जमिनीपासून ३२ इंच. लहान मुलांसाठी ती खाली आणू नका, खाली स्टूल ठेवा. मुलं वाढतात, बेसिन तिथंच राहतं. बेसिनचं सांडपाणी भिंतीतून अंघोळीच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात सोडा. ट्रॅपमध्ये पाणी पडत राहतं आणि वास अडवणारी पाण्याची सील सुकत नाही.

नळ-शॉवर बाहेरच्या नऊ इंची भिंतीत घ्या, मधल्या आडभिंतीत नको. चार इंची भिंतीत डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते ठरवणारा कॉक) बसवायला झिरी, म्हणजे खाच मारली की भिंतीचा निम्मा जीव जातो, आणि आडवी झिरी तर मारूच देऊ नका. बादलीचा नळ जमिनीपासून २४ इंचांवर, म्हणजे २० लिटरची बादली खाली सहज सरकते आणि पाणीही फार उडत नाही. डायव्हर्टर ४० ते ४२ इंच, शॉवरची तोटी ८० ते ८४ इंच. गीझर डोक्यावर नको, बाजूला घ्या. खिडकी २ बाय २ फुटांची, तळ पाच फुटांवर, पट्ट्या तिरक्या असलेली.

नाशिकला बंगल्याचं काम चालू आहे. स्लॅबमध्ये कमोडचं भोक भिंतीपासून ९ इंचांवर सोडलंय. आवडलेल्या कमोडवर १२ इंच लिहिलंय. तीन इंचांनी काय बिघडतं?

सगळंच बिघडतं. हे माप एस-ट्रॅपच्या, म्हणजे पाइप खाली जमिनीत जाणाऱ्या भांड्याच्या, भोकाच्या मध्यापासून टाइल लावलेल्या भिंतीपर्यंतचं असतं. १२ इंची भांडं ९ इंचांच्या भोकावर ठेवलं तर त्याची टाकी भिंतीत तीन इंच घुसायला हवी. उलट परिस्थिती थोडी बरी. ४ इंची भांडं ९ इंचांच्या भोकावर बसतं, पण टाकीमागे पाच इंचांची फट राहते आणि त्यात झुरळं राहतात.

दुसरी गोष्ट, तुमचे ९ इंच कुठून मोजलेत? विटेपासून असतील तर टाइल लागल्यावर पावणेआठच उरतील, म्हणजे ९ इंची भांडंही बसणार नाही. आज टेप लावून बघा. ऑफसेट कनेक्टरने, म्हणजे वाकड्या जोडतुकड्याने, भोक इंच-दीड इंच सरकवता येतं, पण पाइपाला तिथे वाकण पडतं आणि कमी पाण्याच्या फ्लशमध्ये तिथेच अडकायला लागतं. तो शेवटचा उपाय समजा.

प्लास्टर झालं नसेल तर सरळ पी-ट्रॅपचं भांडं घ्या. त्याचा पाइप मागच्या भिंतीतून जातो, स्लॅबला भोक लागत नाही आणि वरच्या मजल्याची गळती खालच्या छतात उतरत नाही. जमिनीवरच्या भांड्याला पाइपाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८ सेंटीमीटरवर येतो. ‘तयार फरशीपासून’ हे प्लंबरला दोनदा सांगा, कारण तो मोजतो तेव्हा फरशी नसतेच. नेमका आकडा भांड्यासोबतच्या कागदावर असतो. भांडं आधी विकत घ्या, पाइप मग टाका. दुकानदार नेहमी उलटं सांगतो. बाहेरचा पाइप ११० मिलिमीटरचा, उतार ४० ते ६० इंचांना एक इंच.

टेरेसवर सोलर आहे, पण ढगाळ दिवसांसाठी बाथरूममध्ये गॅस गीझर लावावा म्हणतो. खिडकी आहे. चालेल ना?

नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस दार उघडण्याआधीच बेशुद्ध पडतो. थंडीत खिडकी लावून घेतली जाते, म्हणजे खिडकी असून नसल्यासारखी. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या हवेतल्या बाल्कनीत किंवा मागच्या ओट्यावर लावा आणि गरम पाण्याची लाइन आत आणा. नाहीतर १५ लिटरचा विजेचा गीझर घ्या. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, स्विच बाथरूमबाहेर, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद पाडणारा स्विच.

सोलरबद्दल एक हिशेब. गरम पाण्याच्या पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. टाकीपासून नळापर्यंत १५ मीटर लाइन असेल तर गरम पाणी येण्याआधी जवळपास चार लिटर गार पाणी वाहून जातं, आणि ते प्रत्येक अंघोळीला. बाथरूम सोलरच्या खालच्याच कोपऱ्यात घेता येत असेल तर तिथेच घ्या, आणि गरम लाइनवर इन्सुलेशन चढवा.

शेजाऱ्यांच्या नव्या बाथरूममध्ये पाणी साचतं आणि वरच्या मजल्याचं खाली पाझरतं. आमचं काम सुरू होतंय, आधी काय बघावं?

दोन दोष आहेत आणि दोन्ही टाइलच्या आधीचे आहेत. पाणी साचतं ते उतारामुळे. अंघोळीच्या भागात पाच फुटांना पाऊण इंच उतार हवा. नहाणी ट्रॅप दारापासून सर्वात लांबच्या कोपऱ्यात, पायाखाली येणार नाही असा. दोन बाय दोन फुटांच्या टाइलला दोन दिशांनी उतार देता येत नाही. कोपरा उचलला जातो आणि तिथे पाणी थांबतं. अंघोळीच्या जागी १२ बाय १२ इंचांच्या मॅट टाइल लावा. दाराकडची फरशी खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली ठेवा.

पाझरण्याबाबत गवंड्याला घाई करू देऊ नका. बाथरूमपुरत्या खाली सोडलेल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा हात चारही भिंतींवर किमान एक फूट आणि शॉवरच्या भिंतीवर सहा फूट चढवा. तळ आणि भिंत मिळते त्या रेषेला गोलाई हवी, काटकोनात थर फाटतो. पाइप जिथून भिंत किंवा स्लॅब ओलांडतो तिथली फट वेगळी भरून घ्या, बहुतेक गळती तिथूनच होते. मग पाइपांची तोंडं बंद करून तीन-चार इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा, ४८ तास थांबा आणि खालचं छत बघा. कोबा, म्हणजे टाइलखालचा भराव, टाकल्यावर हीच चाचणी परत. कोबा झाल्यावर पहिल्यांदाच पाणी भरलं तर गळती सापडते, पण ती दुरुस्त करायला कोबा फोडावा लागतो.

नळाच्या लाइनी झाकण्याआधी पंप लावून दाबाखाली रात्रभर ठेवा. आणि टेप भिंतीला धरून फोटो काढा. तीन वर्षांनी टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना त्याचं मोल कळतं.

आईचं वय ७४, गुडघे दुखतात. तिच्या खोलीला जोडून बाथरूम करतोय. वेगळं काय?

दारापासून सुरुवात. मोकळी रुंदी ३२ इंच मिळायला हवी, म्हणजे उद्या व्हीलचेअर लागली तर दार फोडावं लागणार नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आणि कडी बाहेरून उघडता येणारी. आत पडलेल्या माणसाला ढकलत आत उघडणारं दार उघडत नाही. उंबरठ्याऐवजी अर्ध्या इंचाची, उताराची ग्रॅनाइटची पट्टी.

कमोड सीटसकट १८ इंच उंच घ्या, नेहमीच्या १६ इंचांवरून उठताना गुडघ्यावर भार जास्त येतो. तिच्या मजबूत हाताच्या बाजूला आडवी धरपट्टी, सीटपासून ९ ते १० इंच वर. टॉवेल रॉड हा धरपट्टी नव्हे, अंगाचा भार आला की तो उपटून येतो. घर सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचं असेल तर धरपट्टीची जागा आत्ताच ठरवा आणि तेवढ्या भागात ब्लॉकऐवजी विटा लावा, म्हणजे धरपट्टीचा अँकर बोल्ट धरेल. अंघोळीसाठी १८ इंचांचं भक्कम स्टूल, बसून हाताला लागेल असा हँडशॉवर. कमोडचा जेट स्प्रे बसल्यावर उजव्या हाताला. दिव्याचा स्विच दाराबाहेर, पलंगावरून उठून चालताना वाटेत येईल असा.